साठीनंतर लक्ष उडतं तेव्हा: कुठे अडतंय ते ओळखा, मग उपाय करा

आजची गोळी घेतली की नाही, असा प्रश्न पडला की बहुतेक जण ‘हल्ली विसरायला होतं’ म्हणून मोकळे होतात. नीट पाहिलं तर यात विसरण्याचा भाग थोडाच असतो. पाण्याचा पेला, पाकिटातून गोळी काढतानाचा कडकड आवाज, घेतलेला घोट, सगळं आठवत असतं. ते आजचं की कालचं, एवढंच सांगता येत नाही. रोज त्याच जागी, त्याच वेळी, तेच केल्यामुळे एकसारख्या आठवणींचा ढीग झालेला असतो आणि त्यातून आजची तेवढी उचलायची असते. कालची, परवाची बाजूला सारता आली नाही की आजची हाती लागत नाही.

नको असलेली माहिती हव्या असलेल्या माहितीच्या वाटेत येते आणि वयाबरोबर तिला हटवायला जास्त वेळ लागतो. गर्दीत समोरच्याचं बोलणं हरवणं, मध्येच फोन आला की हातातलं काम कुठवर आलं होतं ते न आठवणं, नवा पिन टाकायचा तर बोटं जुनाच टाकून मोकळी होणं, या सगळ्याच्या मुळाशी तेच असतं. सरसकट ‘स्मरणशक्तीचे व्यायाम’ करून त्यावर फारसा फरक पडत नाही. अडचण नेमकी कुठे आहे ते ओळखलं, तर मात्र साध्या बदलांनी बरंच काही सुधारतं. हा लेख साठी ओलांडलेल्यांसाठी आहे आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

आधी थोडं समजून घेऊ

लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये एक मांडणी केली. वय वाढताना लक्ष देण्यापेक्षा दुर्लक्ष करणं जास्त अवघड होत जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. २००५ मध्ये ॲडम गॅझली आणि सहकाऱ्यांनी हे मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं. लोकांना निसर्गदृश्यं आणि चेहरे मिसळून दाखवले. ‘दृश्यं लक्षात ठेवा’ असं सांगितल्यावर ज्येष्ठांच्या मेंदूतला दृश्यं हाताळणारा भाग तरुणांसारखाच जोमाने कामाला लागला. ‘दृश्यांकडे दुर्लक्ष करा’ म्हटल्यावर मात्र तरुणांमध्ये तो भाग मंदावला आणि ज्येष्ठांमध्ये फारसा मंदावला नाही.

पुढे २००८ मध्ये याच गटाने मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या आणि कामाला येणारी गोष्ट सापडली ती तिथे. दुर्लक्ष करण्याची क्रिया ज्येष्ठांमध्येही होते, फक्त उशिरा होते. चित्र दिसल्यावर पहिल्या एक-दोन दशांश सेकंदांत जे दाबलं जायला हवं ते निसटून आत येतं आणि दाबणं त्यानंतर सुरू होतं. खाली दिलेले बहुतेक उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत: मेंदूला उसंत मिळवून द्यायची, नाहीतर दाबण्याचं कामच कमी करायचं.

सगळ्या संशोधकांना हॅशर यांची मांडणी पटते असं नाही. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९९६ मध्ये मांडलं की वयात मेंदूचा एकूण वेगच कमी होतो आणि लक्षाच्या बऱ्याच तक्रारी त्यातूनच येतात. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहून शाईचा रंग विचारायचा, ही जॉन रिडली स्ट्रूप यांची १९३५ ची चाचणी प्रसिद्ध आहे. (घरी करून पाहा, तरुणही अडखळतात.) तिच्यात ज्येष्ठांना जास्त वेळ लागतो. पण एकूण मंदपणा हिशेबात धरला तर वयाचा म्हणून उरणारा फरक फार मोठा राहत नाही. वाद अभ्यासकांचा आहे. आपल्यापुरतं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी उपाय एकच निघतो, घाई टाळण्याचा.

आणि सगळं उतरणीलाच लागतं असंही नाही. एका कामावर टिकून राहणारं लक्ष चाळिशीच्या पूर्वार्धात सर्वांत चांगलं असतं, असं दहा हजारांहून जास्त लोकांच्या २०१५ मधल्या अभ्यासात दिसलं. काम चालू असताना मन भलतीकडे भरकटणंही ज्येष्ठांमध्ये तरुणांपेक्षा कमी आढळतं. हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार करणाऱ्या सत्तरीच्या माणसाचं मन बऱ्याचदा वीस वर्षांच्या नातवापेक्षा स्थिर असतं. त्याला त्रास होतो तो बाहेरून येणाऱ्या आणि मागे उरलेल्या गोष्टींचा.

पायरी १: कान, डोळे, औषधं, झोप

हे कंटाळवाणं वाटेल, पण सुरुवात इथूनच. आवाज अर्धवट ऐकू आला की मेंदू उरलेला अर्धा अंदाजाने भरतो आणि लक्षाची शिदोरी तिथेच संपते. मग ऐकलेलं लक्षात ठेवायला काही उरत नाही आणि घरचे म्हणतात, ‘सांगितलेलं ध्यानातच राहत नाही’. ऐकणं कमी होण्याची सुरुवात सहसा उंच स्वरांपासून होते. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ असे आवाज पुसट होतात, पण बोलण्याचा एकूण आवाज पुरेसा वाटतो. म्हणूनच ‘मला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात’ ही तक्रार असेल तर श्रवणचाचणी करून घ्या. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो असा सरसकट दावा करता येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सर्व सहभागींचा मिळून फरक दिसला नाही. ज्यांना धोका आधीच जास्त होता त्या गटात तीन वर्षांतली आकलनाची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. पण समोरच्याचं बोलणं समजायला कष्ट कमी पडतात, एवढं कारणही यंत्र वापरायला पुरेसं आहे. नवं यंत्र सुरुवातीला सगळेच आवाज मोठे करतं, भांड्यांचे आणि पंख्याचेही. काही आठवडे जातात. कपाटात टाकून देऊ नका, यंत्र पुन्हा जुळवून घ्या.

डोळ्यांचं असंच. मोतीबिंदू, जुना चष्मा, अंधुक दिवा यांतलं काहीही असलं तरी हवी ती वस्तू पसाऱ्यातून वेगळी काढणं जड जातं.

औषधांची यादी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना एकदा मुद्दाम दाखवा. ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन मेंदूत लक्षासाठी फार महत्त्वाचं असतं आणि काही औषधं त्याचंच काम रोखतात. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या (डायफेनहायड्रामिनसारख्या), लघवी रोखून धरता येत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, ॲमिट्रिप्टिलिन, ही त्यांतली नेहमीची. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचाही त्रास होतो. मनाने मात्र काहीच बंद करू नका. काही औषधं एकदम सोडली तर वेगळाच धोका उभा राहतो. ‘याला पर्याय आहे का?’ एवढं विचारा.

झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबणं आणि दिवसा डुलक्या हे तिन्ही असतील तर झोपेतल्या श्वासविकाराची तपासणी हवी. थायरॉइड आणि बी-१२ ची रक्ततपासणीही याच वेळी उरकून घ्या. मन बरेच दिवस उदास असेल तर तेही सांगा, कारण नैराश्य लक्षावरच घाव घालतं.

पायरी २: आठवडाभर नोंद ठेवा

छोटी वही घ्या. घोटाळा झाला की एक ओळ लिहा: काय करत होतो, आजूबाजूला काय चाललं होतं, किती वाजले होते. कारणमीमांसा नको, स्वतःला दोष तर मुळीच नको. आठवड्याने वही काढा आणि प्रत्येक ओळीला तीनपैकी एक खूण करा. हॅशर आणि सहकाऱ्यांनी दुर्लक्षाची तीन कामं मानली आहेत, त्यावरूनच ही विभागणी:

‘शि’: नको ते आत शिरलं. टीव्ही चालू होता, दोघं एकदम बोलत होते, टेबलावर पसारा होता.
‘उ’: संपलेलं मागे उरलं. कालची गोळी, आधीचा फोन, जुना पत्ता.
‘स’: सवय पुढे आली. जुना पिन, नेहमीचं वळण, विचार करण्याआधी दिलेलं ‘हो’.

कुठलीतरी एक खूण जास्त वेळा येईल. तिथून सुरू करा. सगळे उपाय एकदम करायला घेतले तर तोच एक नवा गोंधळ होतो.

पायरी ३: ‘शि’ जास्त असेल तर

कॉनेली, हॅशर आणि झॅक्स यांच्या १९९१ मधल्या प्रयोगात लोकांना एक उतारा मोठ्याने वाचायला दिला. ओळींमध्ये वेगळ्या ठशाचे शब्द पेरले होते आणि ते गाळून वाचायचं होतं. ज्येष्ठांचा वेग तरुणांपेक्षा बराच जास्त घटला, आणि मधले शब्द उताऱ्याच्या विषयाशी जुळणारे असले की त्रास आणखी वाढला. निव्वळ गोंगाटापेक्षा अर्थ असलेला आवाज जास्त छळतो. पंख्याची घरघर चालते, बातम्यांचा आवाज चालत नाही. शब्द असलेलं गाणं आणि बँकेचा फॉर्म तर एकत्र नकोतच.

म्हणून महत्त्वाचं बोलणं सुरू करण्याआधी टीव्ही बंद करा. आवाज नुसता कमी करून भागत नाही, कारण हलतं चित्रही डोळे ओढून घेतं. गर्दीच्या जागी भिंतीला पाठ करून बसा. मागचे आवाज कमी होतात आणि बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. फॉर्म भरताना समोर तेवढाच कागद ठेवा आणि आपली ओळ सोडून खालचा भाग कोऱ्या कागदाने झाका. फोनवर माणसांचे कॉल आणि संदेश तेवढे राहू द्या, बाकी सूचना बंद. हे करायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि फायदा रोजचा आहे. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कोणाकडून एकदा करून घ्या.

चालतानाचं वेगळं सांगायला हवं. तरुणपणी चालणं आपोआप होतं. वय वाढलं की तोल सांभाळायलाही लक्ष लागतं. बोलायला लागलं की ज्यांना चालता चालता थांबावं लागतं, त्यांना पुढच्या महिन्यांत पडण्याचा धोका जास्त असतो, असं १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हा जिन्यावर, ओल्या फरशीवर, रस्ता ओलांडताना बोलणं थांबवा. फोन वाजला तर वाजू द्या.

पायरी ४: ‘उ’ जास्त असेल तर

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग हा. लोक आत येणाऱ्या गोंगाटावर उपाय करतात, पण संपलेल्या कामाचा मागे उरलेला गाळ कोणाला दिसत नाही.

स्मरणक्षमता मोजण्याची एक रूढ पद्धत आहे: आधी दोन वाक्यांचे शेवटचे शब्द लक्षात ठेवायचे, मग तीनचे, मग चारचे. यात ज्येष्ठ मागे पडतात आणि ‘क्षमता घटली’ असा निष्कर्ष निघतो. १९९९ मध्ये सिंथिया मे, हॅशर आणि मायकेल केन यांनी क्रम उलटा केला. सर्वांत लांब संच आधी, म्हणजे डोक्यात जुने शब्द साठायच्या आत. ज्येष्ठ आणि तरुणांमधला फरक बराचसा मिटला. याचा घरगुती अर्थ असा की अवघड काम यादीत सर्वांत वर ठेवा. ‘बारीकसारीक उरकून निवांत बसतो’ असं म्हणून चार फोन आणि तीन हिशेब केल्यावर जे उरतं, ते निवांत डोकं नसतं.

दोन सारख्या कामांमध्ये अंतर ठेवा. विम्याचे कागद आणि बँकेचे कागद पाठोपाठ घेतले तर एकाचे आकडे दुसऱ्यात घुसतात. मध्ये दहा मिनिटं उठा, शक्यतो दुसऱ्या खोलीत जा. काम तसंच राहिलं, तरी जागा बदलली की गुंता कमी होतो.

अर्ध्यावर थांबावं लागणं हा सगळ्यांत मोठा शत्रू. गॅझली यांच्याच गटाने २०११ मध्ये पाहिलं की मध्येच दुसरं काम आलं तर तरुणांचा मेंदू ते संपताच त्याला सोडतो आणि मूळ कामाचे धागे पुन्हा जुळवतो; ज्येष्ठांचा मेंदू मधल्या कामाला चिकटून राहतो. अडचण परत येण्यात आहे. मग परतीची वाट आधीच आखून ठेवायची. दारावरची घंटा वाजली तर उठण्याआधी पाच सेकंद घ्या आणि पुढचं पाऊल मोठ्याने म्हणा: ‘तिसरा रकाना भरायचाय’. जमलं तर बोट किंवा पेन नेमकं त्या ओळीवर ठेवून उठा. गॅसवर काही असेल तर तो बंद करूनच जा, ‘आलोच’ म्हणून नव्हे. ‘आत्ता थांबलो होतो कुठे?’ याचं उत्तर डोळ्यांना दिसलं पाहिजे, आठवावं लागता कामा नये.

गोळीचा प्रश्नही असाच सुटतो. सात दिवसांचे कप्पे असलेली डबी घ्या. दिवसातून दोनदा औषध असेल तर चौदा कप्प्यांची. आठवड्यातून एकदा, शांत वेळी, घरातल्या दुसऱ्या माणसासमोर ती भरा. कोणत्या गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवायला हव्यात ते फार्मासिस्टना विचारून घ्या. गुरुवार सकाळचा कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे; आठवण काहीही सांगो, कप्प्यावर विश्वास ठेवा. शंका राहिली म्हणून दुसरी गोळी कधीच घेऊ नका. रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांत दुहेरी डोस फार महागात पडतो. डबी नसेल तर गोळी घेताना काहीतरी वेगळं, त्या दिवसापुरतं करा: कॅलेंडरवर खूण, आणि तोंडाने ‘गुरुवार, सकाळची घेतली’. एकसारख्या आठवणी वेगळ्या करायच्या तर प्रत्येकीला स्वतःचा शिक्का लागतो.

किल्ली, चष्मा, पाकीट यांची जागा एकच असावी आणि ती कधीही बदलू नये. घरच्यांनी ‘सोयीची’ नवी जागा काढली की जुनी जागा अनेक महिने मध्ये येत राहते.

पायरी ५: ‘स’ जास्त असेल तर

सवय वेगवान असते, तिला अडवणं उशिरा होतं. नवा पिन, नवा रस्ता, बदललेली वेळ, अशा ठिकाणी हात पुढे जाण्याआधी दोन सेकंद थांबा. ‘आता लक्ष देईन’ असा निश्चय करून भागत नाही. ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ असं नेमकं ठरवावं लागतं. लिंडा लिऊ आणि डेनिस पार्क यांच्या २००४ मधल्या प्रयोगात ज्येष्ठांना घरी रक्तातली साखर मोजायला शिकवलं होतं. उद्या कुठे असू, काय करत असू आणि तेव्हा कशी मोजू, हे ज्यांनी काही मिनिटं डोळ्यांपुढे आणलं होतं, त्यांच्याकडून पुढचे तीन आठवडे ते काम इतरांपेक्षा जास्त नियमितपणे झालं. तसंच वाक्य करा: ‘यंत्रात कार्ड घातलं की आधी हात मागे घेईन, मग नवा पिन टाकेन’.

फोनवरचे फसवे याच उशिराचा फायदा घेतात. खातं बंद होतंय, अटक होईल, लगेच सांगा, ही सगळी घाई तुमचं ‘थांब’ पोहोचायच्या आत ‘हो’ काढून घेण्यासाठी असते. एकच नियम ठरवा आणि फोनजवळ लिहून ठेवा: पैसे, ओटीपी किंवा कागदपत्रं कोणी मागितली की फोन ठेवायचा आणि माहीत असलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करायचा. उद्धट वाटलं तर वाटू दे.

पायरी ६: वेळ निवडा

वय वाढतं तसे बहुतेक लोक सकाळचे होतात आणि नको ते दाबण्याची क्षमताही त्यांची सकाळी चांगली असते. संशोधनातल्या चाचण्या दुपारी उशिरा घेतल्या की ज्येष्ठ आणि तरुणांमधला फरक फुगतो. हिशेब, सही, डॉक्टरांची भेट, नवं यंत्र शिकणं सकाळी ठेवा. वहीतल्या वेळा पाहून खात्री करा. काही जण आयुष्यभर रात्रीचेच राहतात, त्यांनी आपलं घड्याळ पाहावं.

पायरी ७: चालणं, आणि मेंदूचे खेळ

आर्थर क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या २००४ मधल्या अभ्यासात सहा महिने नियमित भरभर चालणाऱ्या ज्येष्ठांना आजूबाजूच्या दिशाभूल करणाऱ्या खुणांकडे दुर्लक्ष करणं जास्त जमू लागलं. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तेवढी सुधारणा नव्हती. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागेल असं चाला, आठवड्यात मिळून दीडशे मिनिटं. हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असेल तर आधी विचारून.

मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांबद्दल माझं मत थंड आहे. ज्या खेळाचा सराव कराल त्यात हात बसतो, आणि तो फायदा किल्ली शोधण्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. अमेरिकेत २,८०० हून जास्त ज्येष्ठांवर झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ चाचणीतही ज्याचं प्रशिक्षण दिलं तेच मुख्यतः सुधारलं. त्यातल्या त्यात वेगाने पाहण्याच्या प्रशिक्षणाचे परिणाम जास्त टिकले. आवडत असेल तर खेळा. चालण्याचा वेळ काढून नको.

घरच्यांसाठी

आधी नाव घ्या, नजर मिळू द्या, मग बोला. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेलं न सांगितल्यासारखंच. एका वेळी एक गोष्ट सांगा, आणि उत्तराला उशीर झाला तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नका. पहिल्या प्रश्नावर काम चालू असतं, दुसरा त्यात व्यत्यय होतो. ‘सकाळीच सांगितलं होतं ना!’ याचा आजवर कोणाला उपयोग झालेला नाही.

आणि या ढिल्या दुर्लक्षाची दुसरी बाजूही बघा. २००७ मधल्या एका प्रयोगात, आधी ‘याकडे लक्ष देऊ नका’ म्हणून दाखवलेले शब्द पुढे कोड्यांची उत्तरं म्हणून उपयोगी पडले, तेव्हा ज्येष्ठांना फायदा झाला आणि तरुणांना झाला नाही. बैठकीत कोणीतरी जाता जाता बोललेलं आजोबांना नेमक्या वेळी आठवतं, ते बहुधा असंच.

डॉक्टरांकडे कधी

गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, माणूस मध्येच गुंगीत, मध्येच ठीक असा असेल, तर ते वय नव्हे. संसर्ग, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवं औषध, अशी कारणं असतात आणि त्याच दिवशी तपासणी लागते. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर पक्षाघात समजून थेट रुग्णालयात न्या.

हळूहळू वाढणाऱ्या त्रासात हे पाहा: ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं जमणारे हिशेब न जमणं, तोच प्रश्न थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणं, नसलेली माणसं किंवा प्राणी दिसणं, स्वभाव बदलणं. किल्ली सापडत नाही हा नेहमीचा त्रास. किल्ली कशासाठी असते तेच कळेना झालं तर गोष्ट वेगळी. त्रास माणसाला स्वतःला कमी आणि इतरांना जास्त जाणवत असेल तर भेट लांबवू नका. जाताना सगळ्या औषधांची पाकिटं, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि रोज सोबत असणारा माणूस बरोबर घ्या.